ढोबळ, पण वेळेवर

इमारतीच्या ऊर्जेबद्दल सल्ला देणाऱ्या माणसाला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा सगळं ठरून गेल्यावर. नकाशे मंजूर झालेले असतात, पायाचं खोदकाम निम्म्यावर आलेलं असतं, काचेच्या कंपनीचा माणूस नमुने टेबलावर ठेवून गेलेला असतो. मग कुणाला तरी आठवतं की हरित प्रमाणपत्राच्या फायलीत सिम्युलेशनचा अहवाल लागतो. तो आम्ही करून देतो. ॲश्रे ९०.१ या अमेरिकन मानकाची रीत अशी, की खऱ्या इमारतीच्या आकाराची एक कल्पित इमारत संगणकात उभी करायची, तिला चारही दिशांना फिरवून वर्षभराची वीज काढायची, चारांची सरासरी घ्यायची आणि खरी इमारत तिच्यापेक्षा किती टक्के कमी वीज घेते ते दाखवायचं. कल्पित इमारत अशी चारही दिशांना फिरते. खरी मात्र तोवर तसूभरही फिरू शकत नाही.

या कामावर पोट भरतं, म्हणून त्याला नावं ठेवणार नाही. पण ज्याचं काही चीज झालं असं वाटतं ते काम निराळं. आर्किटेक्टच्या टेबलावर अजून ट्रेसिंग पेपर पसरलेला असतो, मालकाचं मन अजून पक्कं झालेलं नसतं, अशा वेळी दोन दिवसांत उभी केलेली, अर्ध्याअधिक गोष्टी गाळलेली मॉडेलं. त्यांचा अहवाल होत नाही, त्यांना कुठले गुण मिळत नाहीत आणि फीही बहुतेकदा चहावरच भागते.

माझं शिक्षण मेकॅनिकलचं. सुरुवातीची वर्षं पुण्यात एसीच्या ठेकेदाराकडे गेली. तिथे लोड काढायची पद्धत सोपी होती: ऑफिस असेल तर दीडशे चौरस फुटाला एक टन, वरचा मजला असेल तर जरा सैल हाताने. पुढे सिम्युलेशन शिकल्यावर या पद्धतीला हसायची फॅशन असते. मी हसत नाही, कारण तेही मॉडेलच आहे. हजारो खोल्या थंड करून झाल्यावर उरलेला तो एक आकडा आहे. त्याची अडचण एवढीच, की त्याला फक्त चटईक्षेत्र दिसतं. खिडकी पश्चिमेला आहे की उत्तरेला, खोलीत दहा माणसं बसतात की चाळीस, हे त्याला कळत नाही. म्हणजे ज्या गोष्टी आर्किटेक्टच्या हातात आहेत, नेमक्या त्याच त्याला दिसत नाहीत.

त्याच्या वरची पायरी आर्किटेक्चर कॉलेजांत आजही शिकवतात. ओटो कोनिग्सबर्गर हे जर्मन वास्तुविशारद काही वर्षं म्हैसूर संस्थानात मुख्य वास्तुविशारद होते. उष्ण प्रदेशातल्या घरबांधणीवर त्यांनी सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात माहोनी तक्ते आहेत. शहराचं महिनावार कमाल-किमान तापमान, आर्द्रता आणि पाऊस कागदावर भरायचा, दर महिना सोसवण्याजोगा आहे की नाही ते ताडून पाहायचं, आणि शेवटी तक्ता सांगतो: घरं जवळजवळ बांधा की वाऱ्यासाठी लांब ठेवा, भिंत जड की हलकी, खिडक्या केवढ्या. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. त्याच दशकात तेलसंकटानंतर अमेरिकेत सरकारी पैशातून मोठे संगणकीय प्रोग्राम तयार होऊ लागले. त्यातून डीओई-२ आलं, २००१ साली एनर्जीप्लस आलं. हे वर्षाचे ८७६० तास एकेक करून मोजतात. डीओई-२ वरच बेतलेल्या ईक्वेस्टमध्ये एक ‘विझार्ड’ आहे. तो एकामागून एक अनेक पडद्यांवर प्रश्न विचारतो, आणि ज्याचं उत्तर आपल्याकडे नाही त्याचं स्वतःच धरून चालतो. आमच्या पिढीतल्या अनेकांची सुरुवात त्यानेच झाली. फुकट होता, हे कारण आधी सांगायला हवं.

नागपूरचं एक काम सांगतो. एका खासगी संस्थेचं कार्यालय आणि प्रशिक्षण केंद्र, चार मजले, साधारण चार हजार चौरस मीटर. आर्किटेक्ट नागपूरच्याच, जुन्या ओळखीच्या. त्यांनी हाताने काढलेल्या स्केचचा फोटो फोनवर पाठवला, त्यावर उत्तर दाखवलेली नव्हती. मी फोन केला.

“मॅडम, उत्तर कुठे आहे?”

“रस्ता पश्चिमेला आहे, प्लॉटची लांबीही रस्त्याच्या बाजूने. आणि मालकांना रस्त्याकडून पूर्ण काच पाहिजे. आता बोला!”

संगणक उघडण्याआधी मी कागदावर हिशेब करतो. नागपूरचा अक्षांश २१ च्या थोडा वर. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ६९ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर साठ सेंटिमीटरचा छज्जा दिला तर त्याची सावली दीड मीटर खाली उतरते, म्हणजे नेहमीची खिडकी पुरती झाकली जाते. तोच छज्जा पश्चिमेला दिला, आणि सूर्य ३० अंशांवर उतरलेला असला, तर सावली पडते पस्तीस सेंटिमीटर. उरलेल्या खिडकीतून ऊन सरळ टेबलावर. मे महिन्यात तर सूर्य पश्चिमेच्याही उत्तरेला सरकून मावळतो, त्यामुळे उत्तरेची भिंतसुद्धा सकाळ-संध्याकाळ तापते. आपल्याकडे दक्षिण दिशेची भीती उगाच. ती सर्वांत सोपी दिशा आहे. खरी कसोटी पश्चिमेची.

पुढचा हिशेबही कागदावरच होतो. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला सहाशे वॉटच्या आसपास ऊन पडतं. साध्या एकेरी काचेतून त्यातलं सुमारे ऐंशी टक्के आत येतं. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट. म्हणजे सात-आठ चौरस मीटर उघडी काच दिसली की एक टन समजायचं. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत, म्हणजे २०१७ च्या ईसीबीसीत, नागपूर ‘संमिश्र’ हवामानात मोडतं आणि तिथे पश्चिमेच्या काचेतून फक्त २७ टक्के उष्णता आत यायला परवानगी आहे. तशी महागडी काच धरली तरी मॅडमच्या स्केचमधली रस्त्याकडची काच पाचशे चौरस मीटर भरत होती. गुणाकार केला तर तेवीस टन येतात, एकट्या त्या काचेचे.

मग मॉडेल. त्यात काय घालायचं यापेक्षा काय घालायचं नाही हे ठरवण्यात कसब आहे. मी प्रत्येक मजला पाच तुकड्यांत तोडला: भिंतीलगत पंधरा फुटांचे चार पट्टे आणि मधला गाभा. तळमजला वेगळा, वरचा मजला वेगळा, मधले दोन सारखेच म्हणून एकच मांडून दोनने गुणला. केबिन, पार्टिशन, पडदे, खोटं छत काही नाही. भिंती आणि गच्ची संहितेला पास होतील एवढ्या धरल्या, दिवे दर चौरस मीटरला दहा वॉट, माणूस दहा चौरस मीटरला एक, एसी २४ अंशांवर, वेळ नऊ ते सहा. ऑफिसातली नवी मुलं अशा वेळी अस्वस्थ होतात. त्यांना जिन्याच्या पायऱ्यासुद्धा काढायच्या असतात. पण पायरीला वीज लागत नाही, आणि जी गोष्ट अजून कुणी ठरवलेलीच नाही ती बारकाईने मांडण्यात वेळ जातो, शिवाय आपण तिच्या प्रेमात पडतो. चार दिवस खपून केलेलं मॉडेल ‘हे सगळं बदला’ म्हटल्यावर टाकून देववत नाही. दोन तासांचं मॉडेल टाकून देता येतं.

शेवटी पर्याय तीन झाले. पहिला, रस्त्याला समांतर लांब इमारत आणि पश्चिमेला काच. दुसरा, इमारत आडवी फिरवून अरुंद बाजू रस्त्याकडे. तिसरा पर्याय मी नेलाच नव्हता. पहिल्या दोहोंचे आलेख पडद्यावर असताना मॅडमनी ट्रेसिंग पेपरवर रेघा मारायला सुरुवात केली. फिरवलेल्या इमारतीत गाड्यांना वळायला जागा उरत नव्हती, म्हणून दुसरा त्यांनी बसल्या बसल्या फुली मारून टाकला. मग विचारलं, “जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं आणि एसीच्या मशीनची खोली, सगळं पश्चिमेला नेलं तर?” मी मॉडेलमधल्या पश्चिमेच्या पट्ट्याचा एसी बंद केला, काच एक दशांशावर आणली आणि पुन्हा चालवलं. चहा येईपर्यंत उत्तर आलं होतं: दुपारच्या कमाल भारात वीस टनांच्या आसपास घट. वर्षाच्या विजेतला फरक त्यामानाने कमी होता, सात-आठ टक्के. पण टन म्हणजे यंत्राची किंमत, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर आणि गच्चीवरची जागा. त्यातही यंत्रावर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश असतानाची असते. नागपूरच्या गच्चीवर मे महिन्यात ४५ च्या वर पारा असताना तेच यंत्र छापल्याहून कमी देतं. म्हणून तिथे वाचवलेला टन पुण्यातल्या टनापेक्षा जास्त मोलाचा.

जिना पश्चिमेला टाकण्यात नवीन काहीच नाही. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत कांचनजंगा इमारत बांधली, १९८३ मध्ये ती पुरी झाली. तिथे समुद्र आणि वारा ज्या दिशेला, तिकडूनच ऊन आणि पावसाचा मारा. त्यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची युक्ती उचलली आणि कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या बागा देऊन खोल्या आत सरकवल्या. सिम्युलेशनवाचून त्यांचं काही अडलं नाही. पण सगळे कोरिया नसतात, आणि मालकाला ‘अनुभवावरून सांगते’ म्हणणाऱ्या आर्किटेक्टपेक्षा वीस टनांचा आकडा लवकर पटतो. मॅडमना उत्तर आधीपासून ठाऊक असावं, असा माझा अजूनही संशय आहे. त्यांना आलेख पाहिजे होता.

मालकांच्या बैठकीत काचेवर थोडी रस्सीखेच झाली. शेवटी रस्त्याकडे दर्शनी प्रवेशाची काच राहिली, बाकी भिंत. मग संस्थेचा हिशेब सांभाळणाऱ्या काकांनी मुद्द्याला हात घातला.

“ते टन-बिन राहू द्या. महिन्याचं बिल किती येईल, तेवढं सांगा.”

“ते आत्ता सांगता येणार नाही.”

“अहो, मग कॉम्प्युटर कशाला आणला?”

प्रश्न रास्त होता. मी उलटा प्रश्न केला: ऑफिस किती वाजेपर्यंत चालतं? सहा, म्हणाले. शनिवारी? अर्धा दिवस. प्रशिक्षण? कधी महिनाभर रोज, कधी दोन महिने कुलूप. शेजारून कुणी म्हणालं, एका विभागाची दुसरी पाळी सुरू करायचा विचार आहे. मी त्यांच्यासमोरच वेळ नऊ ते सहाऐवजी नऊ ते नऊ केली. विजेचा आकडा इतका वर गेला की काच, भिंत, गच्ची या सगळ्यांच्या वादातून निघालेली बचत त्यात बुडाली. काका काही वेळ पडद्याकडे बघत राहिले. त्यानंतर प्रशिक्षणाच्या सभागृहांचा एसी कार्यालयापासून वेगळा करायचं ठरलं. सभागृहाला कुलूप असताना मोठं यंत्र उगाच धावायला नको. माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत किफायतशीर निर्णय तोच होता, आणि त्याचा भिंतीच्या जाडीशी काडीचाही संबंध नव्हता.

इमारत वापरात आल्यावर बिलं मागवून पाहिली. मॉडेलपेक्षा जास्त होती. दुसरी पाळी सुरू झाली होती. पश्चिमेचा जिना दुपारी भट्टीसारखा तापतो अशी तक्रार आली. तिथे कुणी बसत नाही.

या छोट्या मॉडेलांकडून तुलना घ्यावी, भाकीत घेऊ नये. हा पर्याय त्याहून बरा की वाईट, आणि फरक नजरेत भरण्याजोगा आहे की नाही, एवढं ती विश्वासाने सांगतात. दोन पर्यायांत तीन टक्क्यांचा फरक निघाला तर मी आर्किटेक्टला सांगतो, तुम्हाला जो सुंदर वाटतो तो घ्या. अहवालांत दर चौरस मीटरला ‘११२.४७ युनिट’ असले आकडे दिसतात तेव्हा माझं डोकं उठतं. वापराची वेळ अंदाजाने धरलेली, माणसं अंदाजाने धरलेली, आणि दशांशानंतर दोन घरं! प्रोग्राम छापतो म्हणून आपण छापायचं असं नाही. मी माझ्या नोंदींत शेवटचा आकडा शून्यच करतो.

हवामानाची फाइलही अशीच समजून वापरावी लागते. इश्रे या एसी अभियंत्यांच्या संस्थेने भारतातल्या शहरांसाठी तयार केलेल्या फायली आम्ही वर्षानुवर्षं वापरत आलो. अशा फायलीत कुठलंही एक खरं वर्ष नसतं. वेगवेगळ्या वर्षांतले ‘नेहमीसारखे’ महिने निवडून बारा महिने जोडलेले असतात. त्यामुळे वर्षाची बेरीज ठीक निघते, पण सर्वांत वाईट आठवडा त्यात सापडेलच असं नाही. त्या जोडीला शहरही बदलत असतं. उलट, ताजं मोजमाप म्हणजे सत्य असंही नाही. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. पुढे हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं जाहीर केलं. आकडा यंत्रातून आला की माणूस प्रश्न विचारायचं विसरतो, हे मी माझ्या पडद्यासमोर बसलेल्यांत रोज पाहतो.

आणखी एक मर्यादा आहे, ती मुंबई-कोकणात जास्त जाणवते. पंख्यावर आणि वाऱ्यावर चालणाऱ्या घराची ‘वर्षाची वीज’ काढण्यात अर्थच नसतो. तिथे विचारायचं ते हे, की वर्षातले किती तास माणसाला सोसणार नाहीत. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने भारतीय कार्यालयांत पाहणी करून २०१४ साली बसवलेलं सूत्र इथे कामाचं आहे. बाहेरची सरासरी ३५ अंश असेल तर पूर्ण नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीत लोकांना जवळजवळ ३२ अंश चालतात, गरजेपुरता एसी असलेल्या इमारतीत पावणेअठ्ठावीस. आपण मात्र २४ धरतो. तो एक आकडा २६ केला तर काचेच्या बाजारात महिनाभर फिरून जे मिळत नाही ते मिळतं. वारा खिडकीतून कसा फिरेल, हे माझ्या पाच तुकड्यांच्या मॉडेलला नीट सांगता येत नाही. समोरच्या टॉवरची सावलीही मुद्दाम घालावी लागते. ती विसरून चालत नाही, कारण दाट वस्तीत खालच्या मजल्यांची पश्चिम शेजाऱ्यानेच झाकलेली असते.

घरांसाठी सरकारनेच एक साधं मॉडेल कायद्यासारखं करून ठेवलं आहे. २०१८ च्या इको-निवास संहितेत भिंतीतून येणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता आणि काचेतून थेट येणारं ऊन, अशा तीन बेरजा आहेत. थंड प्रदेश सोडून बाकी सगळीकडे उत्तर दर चौरस मीटरला १५ वॉटच्या आत यायला हवं. साध्या स्प्रेडशीटमध्ये अर्ध्या तासात होतं. जाणकार नाक मुरडतात, की यात रात्र नाही, वस्तुमान नाही. खरं आहे. पण ते बिल्डरच्या आर्किटेक्टला स्वतःला करता येतं, माझ्यासारख्याला न बोलावता. नऊ इंची विटेऐवजी एएसी ब्लॉक घेतला की भिंतीतून येणारी उष्णता निम्म्याहून खाली येते, हे त्यात चटकन दिसतं. पुण्यातल्या बिल्डरांनी ब्लॉक घेतले ते वजन आणि वेळ वाचतो म्हणून. ऊर्जा त्यांच्या पदरात आपसूक पडली.

तर आर्किटेक्ट मंडळींना विनंती. पुढच्या कामाचं पहिलं स्केच झालं की कुठल्याही ऊर्जा सल्लागाराला, मला नको असेल तर दुसऱ्या कुणाला, पाठवून द्या. त्यावर उत्तर दिशा दाखवा, आजूबाजूच्या इमारतींची उंची लिहा, आणि मालकाला विचारून वापराचे खरे तास कळवा. सेक्शन नसला तरी चालेल, खिडक्या ठरल्या नसल्या तर उत्तमच. फी आधी बोलून घ्या, नाहीतर तो टाळाटाळ करील. आणि दोन दिवसांत त्याने दशांशवाला आकडा आणून दिला, तर परत पाठवा.